पाटीवरच्या बारा रेघा

आमच्या घरात हाक दोनदाच मारायची, असा नियम होता.

इतरांकडं उलटं असतं. कुणी नावानं हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ देऊ नये, तिसरीची वाट पाहावी, कारण जे माणूस नाही ते एकदाच हाक मारतं, असं पाथरीतल्या घराघरांत सांगतात. आमच्याकडं पहिल्या हाकेला ओ द्यायची, दुसरीलाही द्यायची. तिसरी आली तर तोंड मिटून बसायचं. हाक मारणाऱ्यानंही दोनदा मारून थांबायचं. तरी भागलं नाही तर उठून त्या माणसापाशी जायचं.

का, ते विचारायचं नाही. सात वर्षांची असताना मी विचारलं होतं. चन्नबसम्मा आत्या ज्वारी पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं, माझ्या गालावर एक चापट दिली आणि सूप पुन्हा उचललं. आत्या मारकुटी नव्हती. आमची आई आम्ही आठ दिवसांच्या असताना गेली. तेव्हापासून आम्हा दोघी जुळ्या बहिणींना आत्यानंच वाढवलं. तेवढी एकच चापट मला आठवते, म्हणून तो प्रश्नही आठवतो.

दिवा हवा तर बारीक करा. ही गोष्ट रात्रीची नाही. जे काही झालं ते भर दुपारी झालं, एकोणीसशे एकोणसाठच्या चैत्र-वैशाखात, परभणीच्या एका दवाखान्यात. अंधारात भीती वाटली तर माणूस दिवा लावतो. लख्ख उन्हात वाटली तर काय लावणार?

मी महानंदा, घरात नंदा. माझी जुळी बहीण नीलम्मा, घरात नीला. चेहरे इतके सारखे की मला चष्मा लागला तेव्हा आत्यानं देवाचे आभार मानले. अप्पांचं पाथरीत भुसार मालाचं दुकान. मी हट्टानं हैद्राबादेत राहून बी.एस्सी. झाले. नीलाला सातवीनंतर घरी बसवलं, कारण ‘एक शिकतेय, दुसरी घरात पाहिजे’ असं मोठ्यांनी ठरवलं. आमच्या घरात मोठी माणसं ठरवत, आणि ठरवल्यावर कारण सांगत नसत. परभणीच्या दवाखान्यात रक्त तपासायच्या खोलीत मला नोकरी लागली तेव्हा आत्या म्हणाली, “लोकाचं रगत बघायला एवढी पुस्तकं वाचलीस व्हय?”

दवाखान्यात कमलबाई नावाच्या जुन्या नर्स होत्या. औषधाच्या वेळी त्या रोग्याला नावानं तीन हाका मारत. तिसऱ्या हाकेला ओ आली नाही तर औषध परत कपाटात जाई. मलाही त्या तशाच बोलावत. मी पहिल्या दोन हाका मुद्दाम जाऊ देई आणि तिसरीला खणखणीत ओ देई. माझं बंड तेवढंच होतं, पण रोजचं होतं. वर्षभरात त्याची सवय झाली.

फाल्गुनात अप्पा नीलाला मोटारीनं परभणीला घेऊन आले. तिच्या हातांवर निळे डाग होते, कुणी चिमटे घेतल्यासारखे. हिरड्यांतून रक्त येत होतं. चेहरा असा, की मला आरशात स्वतःचं प्रेत दिसावं.

आमच्या मोठ्या डॉक्टरांना सगळे चंद्रभानसाहेब म्हणत. निजामाच्या अमदानीत हैद्राबादेत शिकलेले, उर्दूमिश्रित मराठी बोलणारे, परदेशी मासिकं मुंबईहून टपालानं मागवून सहा-सहा महिने उशिरा वाचणारे. त्यांनी नीलाच्या छातीच्या हाडात सुई घालून मज्जेचा थेंब काढला. तो मीच काचेवर पसरला, मीच रंगवला, मीच मायक्रोस्कोपखाली पाहिला. निरोगी मज्जा बाजाराच्या दिवसासारखी दिसते, पाय ठेवायला जागा नाही अशी. नीलाची काच म्हणजे बाजार उठून गेलेलं मैदान होतं.

“रक्त बनायची जागाच सुकलीय,” साहेब म्हणाले. “वरून रक्त देत राहू. महिना, दीड महिना निघेल. त्यापुढचं मी सांगू शकत नाही.”

मग त्यांनी एक मासिक उघडलं. परदेशात एकाची मज्जा काढून दुसऱ्याच्या शिरेत सोडायचे प्रयोग चालले होते. बहुतेक फसत होते, कारण शरीर परक्याची मज्जा ठेवून घेत नाही. पण जुळ्यांचं शरीर एकमेकांना परकं मानत नसावं, असा तर्क होता. त्यांनी आत्याला विचारलं, “माँजी, या जन्मल्या तेव्हा नाळेची वार एक होती की दोन?”

आत्यानं पदर सारखा केला. “एकच. समद्यांची एकच.”

दोघींची म्हणायला हवं होतं. मला ते जरासं खटकलं आणि मी सोडून दिलं.

“शिरेतून सोडलेली मज्जा हाडात कशी पोचते?” मी साहेबांना विचारलं.

“ती आपली वाट काढते, बेटी. जागा मिळाली की वाढते. कुठं थांबायचं हे तिला कोण सांगतं, ते अजून कुणाला ठाऊक नाही.”

दवाखान्याच्या व्हरांड्यात घरच्यांची बैठक बसली. धोंडप्पा काका सगळ्यांत आधी बोलले. “आपण लिंगवंत. आपल्या घरात अंडं येत न्हाई, आन् ह्यो डाक्टर हाडातला मगज काढून नसंत घालायला निघालाय.”

“काका, मगज माझाच आहे,” मी म्हणाले. “आणि मी जन्मभर ज्वारीच खाल्लीय.”

पलीकडून जाणाऱ्या कमलबाई तोंडाला पदर लावून हसल्या. काकांनी मान वळवली.

“लेकरू वाचतंय का, तेवढं सांगा,” अप्पा म्हणाले.

“वाचेलच असं नाही,” मी म्हणाले. “पण काही केलं नाही तर वाचणार नाही, हे नक्की.”

आत्या बराच वेळ भिंतीला टेकून बसली होती. शेवटी म्हणाली, “कर. पर त्या खोलीत कुनी कुनाचं नाव घ्यायचं न्हाई. हाक मारायची न्हाई.”

“का?”

“इचारू नको.”

मी विचारलं नाही. मला घाई होती.

सकाळी दहाला मला टेबलावर पालथं झोपवलं. कमरेच्या हाडावरची जागा औषधानं बधिर केली, पण हाडाच्या आतली ओढ बधिर होत नाही. दर वेळी साहेब सिरिंजचा दट्ट्या मागं ओढत, आणि पायाच्या टाचेपासून काहीतरी उपसून वर येतंय असं वाटे. स्पिरिटचा वास, खिडकीतल्या वाळ्याच्या पडद्याचा ओला वास, आणि खाली कुठंतरी रांजणातून ठिपकणारं पाणी. डाव्या बाजूनं सहा सिरिंज काढल्या, उजव्या बाजूनं सहा. प्रत्येक सिरिंज भरली की कमलबाई शाळेच्या दगडी पाटीवर खडूनं एक रेघ ओढत. बारा रेघा झाल्या. साहेब म्हणाले, “बस.”

प्रत्येक सिरिंज वीस घनसेंटिमीटरची. बारा म्हणजे दोनशे चाळीस. बारीक जाळीतून गाळून सगळं एका काचेच्या बाटलीत जमवलं होतं. बाटलीवर खुणा होत्या. मी कोपरावर रेलून पाहिलं. लाल, दाट रस तीनशे साठच्या खुणेला टेकला होता.

“बारा रेघा,” मी म्हणाले. “बाटलीत अठरांचा माल आहे.”

कमलबाईंनी पाटीकडं पाहिलं, बाटलीकडं पाहिलं. “मी बारा मोजल्या, बाई.”

रक्त गोठू नये म्हणून घातलेला द्राव दोन-चार चमचे होता. त्यानं सहा सिरिंज भरत नाहीत. साहेबांनी बाटली उजेडात धरली, हलवली. “खुणा चुकीच्या असतील,” ते म्हणाले. बाटली नवी होती. पण नीला शेजारच्या खोलीत वाट पाहत होती आणि मज्जा फार वेळ बाहेर ठेवता येत नव्हती. थेंब थेंब करत ती तिच्या शिरेत उतरली. दुपारी दोनला बाटली रिकामी झाली. दुसऱ्या दिवशी मी तीच बाटली पाण्यानं भरून मोजली. खुणा बरोबर होत्या.

मग वाट पाहणं सुरू झालं. रोज सकाळी मी नीलाच्या बोटातून थेंब घेई, रंगवे आणि कोवळ्या तांबड्या पेशी शोधत बसे. मज्जेनं नवं रक्त बनवायला घेतलं की त्या आधी दिसतात. पहिल्या दिवशी हजारात एकही नाही. चौथ्या दिवशी नाही. आठव्या दिवशी नाही. नीलाच्या हिरड्यांतून रक्त येतच होतं. रात्री तिची उशी मी स्वतः धुवत होते, आत्याला दिसू नये म्हणून.

नवव्या दिवशी दुपारी मी तपासणीच्या खोलीत एकटी होते. बाहेर ऊन इतकं, की कबुतरंही घुमायची थांबली होती. मधल्या बोळापलीकडून नीलाची हाक आली. “नंदा...”

मी काच धुवत होते. हात ओले होते.

“नंदा...”

आलेच, असं मनात म्हणत मी फडकं घेतलं. तेव्हा तिसरी हाक आली. तीच दिशा, तेच नाव. पण आवाज लहान होता. नुकतं बोलायला लागलेलं मूल पहिल्यांदा एखादं नाव सबंध म्हणतं, तसा जपून, जोर लावून काढलेला.

“ओ,” मी म्हणाले. वर्षभराची सवय.

आत गेले तर नीला पाणी मागत होती. तिच्या खोलीत दुसरं कुणी नव्हतं. लहान मुलांचा वॉर्ड इमारतीच्या दुसऱ्या टोकाला होता.

“तिसऱ्यांदा अशी का गं हाक मारलीस? लाडात?”

“दोनदाच मारली,” नीला म्हणाली. “मी काय घरचं विसरले व्हय?”

दहाव्या दिवशी सकाळी काचेवर हजारात चार कोवळ्या पेशी होत्या. मी तीनदा मोजल्या. साहेबांना बोलावलं. त्यांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. “इतक्या लवकर...” एवढंच म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते, म्हणून मी पुढचं विचारलं नाही.

त्या दिवशी दुपारी पुन्हा तसंच झालं. नीलाच्या दोन हाका, मग तिसरी. आवाज आता बोबडा नव्हता. पाच-सहा वर्षांची मुलगी अंगणातून घरात हाक मारते तसा मोकळा. मी ओ दिली. दुसऱ्या सकाळी हजारात अकरा. पुढच्या दुपारी आवाज आणखी थोरला, परकर नेसणाऱ्या पोरीचा. त्यानंतरच्या सकाळी एकोणीस.

मी विज्ञान शिकलेली बाई. असं काही घडलं तर घाबरायच्या आधी पडताळून पाहायचं, एवढं मला शिकवलं होतं. मी कमलबाईंना नीलाच्या दाराशी उभं केलं, नीलाला म्हटलं, “मी माझ्या खोलीतून तुला हाक मारते. किती ऐकू आल्या ते बोटांनी दाखव.” मग माझ्या खोलीचं दार लोटलं, दोनदा हाक मारली आणि दोन्ही हात तोंडावर दाबून धरले. पन्नास अंक मोजले. मला माझ्या दोन हाकांशिवाय काही ऐकू आलं नाही.

पलीकडं गेले तेव्हा नीलानं तीन बोटं वर धरली होती.

“आन् तिसरी अशी का गं मारलीस?” कमलबाई म्हणाल्या. “बारा-तेरा वर्षांच्या पोरीवानी आवाज काढून. थट्टा करायचीच तर माझ्यासारख्या म्हातारीला उन्हात उभं तरी करायचं न्हाई.”

“मी रोज ओ देते तिला,” नीला हळूच म्हणाली. “तू मला हाक मारतेस तवा ती मारती. मला वाटायचं, तूच हायस, हितल्या रीतीनं तीनदा मारतीस.”

म्हणजे हाक मारणारीला ऐकू येत नव्हतं. जिला हाक मारली तिला, आणि आसपासच्यांना येत होतं. मी वहीत तेवढं लिहिलं.

त्या दिवशी नीला घाबरली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी हाक मारली तेव्हा तिनं तिसरीला ओ दिली नाही, उशीत तोंड खुपसून पडून राहिली. भीती मलाही होती. तिच्या दोन हाकांना मी लगबगीनं आत गेले आणि तिसरी आली तेव्हा दातांत पदर धरला.

सकाळी काचेवर एकोणीसच्या नऊ झाल्या होत्या. नीलाची उशी लाल होती.

“एखाद्या दिवशी होतं असं,” साहेब म्हणाले. पण आदल्या रात्रीपर्यंत ते हसत होते आणि आता हसत नव्हते.

मी नीलाच्या खाटेवर बसले. “आज ओ द्यायची,” मी म्हणाले. “तूही, मीही.”

“कोण हाय ती?”

“मला माहीत नाही. पण ती आली की तुला रक्त येतं, आणि आपण तिला गप्प बसवलं की जातं. मला सध्या एवढं पुरे आहे.”

त्या दिवसापासून आम्ही एकही हाक चुकवली नाही. हजारात चौदा, तेवीस, तीस. डाग पिवळे पडून विरले. गालांवर रंग आला. आणि रोज दुपारी तिसऱ्या हाकेचं वय वाढत गेलं. वैशाख संपत आला तेव्हा तो आवाज हुबेहूब आमचा झाला होता, बावीस वर्षांचा, नीलाचा की माझा ओळखू न येणारा. मला बरं वाटलं. वाटलं, आता पोचली. आता थांबेल.

साहेबांनी नीलाला घरी जायची परवानगी दिली. निघताना कमलबाईंनी मला ती पाटी दाखवली. बारा रेघा त्यांनी पुसल्या नव्हत्या. “पुसवत न्हाई, बाई,” त्या म्हणाल्या. “बाटलीतल्या जादा सहा कुणाच्या, ते कळंस्तवर राहू द्या.”

पाथरीला आल्यावर चौथ्या दिवशी नीलानं आनंदाच्या भरात आत्याला सगळं सांगून टाकलं. त्याच दुपारी मला ओसरीवर बोलावणं आलं. अप्पा, धोंडप्पा काका आणि आत्या आधीच बसले होते. दुकान भर दिवसा बंद ठेवलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. आत स्वयंपाकघरात नीला चहा टाकत होती. कपबशांचा आवाज येत होता. दोन महिन्यांपूर्वी तिला पेला उचलत नव्हता.

आत्यानं माझ्यापुढं एक लाल फडक्याची लहानशी पुरचुंडी ठेवली. ती आमच्या देवघराच्या कोनाड्यात कायम असे. आम्ही तिला हात लावायचा नाही, हाही एक नियम होता.

“हिच्यावर हात ठेव,” आत्या म्हणाली, “आन् म्हण, तिसऱ्या हाकंला आजपून ओ देनार न्हाई. नीलाबी म्हनंल. उद्या मठाचे स्वामी येतील, ही घेऊन जातील, गोदावरीत सोडतील. मग समदं मिटंल.”

“काय आहे त्यात?”

“इचारू नको.”

मी पुरचुंडी उचलली आणि सोडली. काका अर्धे उठले, पण तोवर गाठ सुटली होती. आत एक इष्टलिंग होतं. तान्ह्या मुलाच्या गळ्यात जन्मल्यावर स्वामी बांधतात तसं, लहान. दोरा कोरा होता. कुणाच्याच गळ्यात कधी बांधलेला नव्हता.

मग आत्या जमिनीकडं बघत बोलायला लागली, आणि तिचा आवाज इतका सपाट होता की मला आधी अर्थच लागेना.

“तीन होत्या तुमी. स्वामी तीन लिंगं घेऊन आले. तुजी माय तापानं फणफणलेली. अंगावर दूध न्हाई. दाईनं सांगितलं, दोघी जगतील, तिघी जगायच्या न्हाईत. तिसरी लय बारीक होती.” ती थांबली. “दोघींनाच बांधलं. दोघींनाच पाजलं.”

“आणि तिला?”

“न्हानीच्या खोलीत ठिवली. तीन दिस रडली. चौथ्या दिशी न्हाई.”

“कुणी ठरवलं?”

आत्यानं अप्पांकडं पाहिलं नाही. अप्पांनीही वर पाहिलं नाही. काका म्हणाले, “तीन पोरी एकदम. त्या वक्ताला लोक काय म्हनले असते, तुला काय ठावं.”

“तुमी बोलायला लागलात,” आत्या पुढं म्हणाली, “तू हिला हाक मारायचीस, ही तुला. दोनदा मारून थांबलात तरी तिसरी यायची. आमी समद्यांनी ऐकली. तवापून नियम केला. कुनी ओ दिली न्हाई, तर ती तेवढीच राहिली. ईस वरीस तेवढीच व्हती. आता तू वाढवायलीस तिला.”

“तिच्यामुळं नीला जगली.”

“डाक्टरमुळं जगली.”

“माझ्या हाडांतून बारा सिरिंज निघाल्या, आत्या. बाटलीत अठरा होत्या.”

“नंदा,” अप्पा म्हणाले. त्यांचा आवाज घोगरा होता. “बेटा, समजून घे. ती आज हाक मारायली. उद्या काय मागंल, कोन सांगावं?”

“तिनं अजून काहीच मागितलेलं नाही. तिला काय द्यायचं राहिलं, ते तुम्हाला माहीत आहे म्हणून तुम्ही घाबरता.”

“हात ठेव,” आत्या म्हणाली. आता ती रडत होती. “पाया पडते तुज्या.”

एका दुपारी आम्ही ओ दिली नव्हती, आणि दुसऱ्या सकाळची लाल उशी माझ्या डोळ्यांपुढं होती. त्याहून आधीची, बावीस वर्षांपूर्वीची न्हाणी माझ्या डोळ्यांपुढं होती. मी लिंग फडक्यात ठेवलं, गाठ मारली नाही, आणि पुरचुंडी माझ्या मांडीवर घेतली.

“नाही,” मी म्हणाले. “शपथ घेणार नाही. नीलाही घेणार नाही. उद्या स्वामी आले की त्यांच्याकडून हिचं नाव ठेवून घ्यायचं, मोठ्यानं, सगळ्यांसमोर. आणि ती हाक मारील तेव्हा मी ओ देईन. तिसरीला, आणि चौथी आली तर चौथीलाही. तुम्हाला भीती वाटत असेल तर कान झाका. तुम्हाला त्याची सवय आहे.”

अप्पांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. आत्याचं रडं थांबलं. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या घरच्या मोठ्या माणसांना गप्प केलं होतं. खोटं कशाला बोलू, मला ते गोड लागलं.

त्या शांततेत आतून नीलाची हाक आली. “नंदा... चहा झालाय.”

कुणी हललं नाही.

“नंदा...”

आत कपाचा आवाज थांबला. नीला दोनदा मारून थांबली होती. रस्त्यावर ऊन होतं, समोरच्या लिंबाखाली एक शेळी उभी होती, आणि आम्ही चौघंही स्वयंपाकघराच्या दाराकडं बघत होतो.

तिसरी हाक आली.

ती आमच्याएवढी होऊन थांबेल, असं मी धरून चालले होते. तो आवाज बावीस वर्षांचा नव्हता. चाळिशी उलटलेल्या बाईचा होता, जाडसर, शांत, बरीच वर्षं घर चालवलेल्या बाईनं कामात असताना मारावी तशी सावकाश हाक. आत्या आपल्या जागी हळूहळू मागं सरकली आणि भिंतीला टेकली. मांडीवरची पुरचुंडी मला जड वाटली.

मी ओ दिली. पण या वेळी, पहिल्यांदाच, जरा थांबून.